हॉर्न न वाजवणारे खांबेटे

दत्तात्रय खांबेटे हॉर्न वाजवत नसत. कोलकात्यात! जिथे बस मिनीबसवर ओरडते, मिनीबस ऑटोवर ओरडते, ऑटो हातरिक्षावर ओरडते आणि हातरिक्षावाला हातातली घंटी दांडीवर आपटून सगळ्यांवर सूड उगवतो, त्या गावात हा माणूस स्टिअरिंगच्या मधल्या गोलाला बोटही न लावता गाडी हाकायचा. दमदमला त्यांच्या हाउसिंगमधल्या शेजाऱ्यांना आधी वाटलं, हॉर्न बिघडला असेल. मग वाटलं, माणूसच थोडा बिघडला असेल. कधी कुणाला स्टेशनपर्यंत सोडायला निघाले की मागे बसलेला माणूस कळवळायचा, "दत्तबाबू, हॉर्न दिन!" म्हणजे हॉर्न द्या हो! दत्त हे आपलं आडनाव नव्हे, हे बंगाली शेजाऱ्यांना पटवायचा नाद खांबेट्यांनी केव्हाच सोडला होता. हॉर्नचा नाद तर त्यांना कधी नव्हताच.

"बोंबलून रस्ता मिळत नाही," ते म्हणायचे. "थांबलं की मिळतो."

"मिळतो की," त्यांची बायको वृंदाताई म्हणायची. "तोपर्यंत मागच्यांचे केस पिकतात."

खांबेटे कोलकात्यातच जन्मले, तिथेच शिकले. आजोबा रेल्वेच्या नोकरीसाठी साताऱ्याकडून निघाले, हावड्याला उतरले आणि परत म्हणून गेले नाहीत. नातवानंही सगळी नोकरी हावड्यातच काढली, कंट्रोल पॅनेल बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात. दिवसभर वायरी, फ्यूज आणि रिले. त्यामुळे घरातला मिक्सर बंद पडो नाहीतर समोरच्या सेनबाबूंची पाण्याची मोटर, खांबेटे पक्कड-टेस्टर घेऊन हजर. आणि कबूल करायला हवं, त्यांनी हात लावलेली वस्तू पुन्हा बिघडत नसे. "बाबांनी जोडलेली वायर म्हणजे संपला विषय," असं त्यांची मुलगी वैदेही पुण्याहून फोनवर म्हणायची. ह्याचा त्यांना अभिमान होता. नको तेवढा होता.

गाडी खरं तर वृंदाताईंची. त्या दक्षिण कोलकात्यातल्या एका मुलींच्या शाळेत गणित शिकवायच्या आणि दमदमपासून तिथवर रोज स्वतः गाडी चालवत जायच्या, तेही खणखणीत हॉर्न मारत. टॅक्सीवाले बाजूला व्हायचे आणि वळून बघायचे, हे कोण म्हणून. नवरा शेजारी बसलेला असला की कानावर हात ठेवायचा. त्यावरून दोघांची रोजची जुंपायची, आणि दोघांनाही ती जुंपणं आवडायचं.

गेल्या हिवाळ्यात वृंदाताई पोळ्या लाटत होत्या. लाटणं हातातून सुटलं, गडगडत फ्रिजखाली गेलं, आणि त्या खाली वाकल्या त्या उठल्याच नाहीत. अर्धांगाचा झटका. खांबेटे दारात उभे राहून नुसतं "अगं, अगं" करत राहिले. सेनबाबूंनी उचललं, सेनबाबूंनीच दवाखाना गाठला. वाचा परत आली, पाय सावकाश चालू लागला. उजवा हात मात्र मागे राहिला. मांडीवर ठेवला तर तिथेच पडून राहायचा.

मग सुतपा आली, म्हणजे त्यांची फिजिओथेरपिस्ट. चटपटीत मुलगी, पण शिस्तीला कडक. तिनं एक हिरवा रबरी चेंडू दिला आणि एक नियम घातला: सगळं उजव्या हातानं करायचं. सांडलं तरी उजव्यानं, पडलं तरी उजव्यानं, डाव्याला लाड नाहीत. वृंदाताई पडल्या गणिताच्या बाई. नियम म्हणजे नियम. सहा-सात महिने त्यांनी तो चेंडू दाबला, आणि भाताचा घास उजव्या हातानं तोंडापर्यंत न्यायला शिकल्या. लहान मूल शिकतं तसं, पण पन्नाशी-साठी उलटल्यावर. त्यांनी मनाशी एक ठरवलंही होतं. दसऱ्याला गाडीला झेंडूची माळ घालायची, पूजा करायची, आणि मग हाउसिंगच्या आवारात एक चक्कर त्या स्वतः मारणार. एकच. डॉक्टर म्हणाले, आवारात हरकत नाही. तेव्हापासून घरात दसरा हाच विषय होता.

आता लॉकची भानगड. वृंदाताई आजारी पडल्यापासून खांबेट्यांचं लक्ष ठिकाणावर नसायचं, गाडी उघडीच टाकून वर यायचे. हाउसिंगमधून दोन गाड्यांचे टेप गेले, तेव्हा वैदेहीनं फोनवरून हट्टच धरला आणि गाडीला रिमोटचं लॉक बसलं. बटण दाबलं की दारं खटाखट बंद आणि लॉक झाल्याची खूण म्हणून हॉर्न वाजायचा. वाजायचा म्हणजे काय, भॅंऽऽ करून बोंबलायचा! त्यांची खिडकी पहिल्या मजल्यावर, बरोबर गाडीच्या डोक्यावर. त्या आवाजासरशी वृंदाताई दचकायच्या, आणि दचकल्या की उजवा हात आपोआप आक्रसून छातीशी यायचा, तो सुटायला वेळ लागायचा. हॉर्न न वाजवणाऱ्या माणसाची गाडी दिवसातून दोनदा त्याच्याच बायकोच्या उशाशी ओरडत होती. खांबेट्यांच्या जिवाला ते फार लागायचं. पण खूण बंद करायची तर गाडी लॉक झाली की नाही ह्या शंकेनं ते तीन-तीनदा जिना उतरणार. तेव्हा खूण हवी, पण इवलीशी.

विश्वकर्मापूजेच्या सकाळी खांबेटे बाजारातून आले. खाली त्यांनी बटण दाबलं, भॅंऽऽ झालं, आणि वर काहीतरी फुटलं. ते धावत गेले. वृंदाताईंनी त्या दिवशी पहिल्यांदा चहानं भरलेला कप उजव्या हातानं उचलला होता. कुणाला न सांगता, एकट्यानं. तो कप जमिनीवर, चहा साडीवर आणि हात छातीशी मुडपलेला.

"ओठापर्यंत आला होता हो," त्या म्हणाल्या. "अगदी ओठापर्यंत."

खांबेट्यांचं डोकंच फिरलं. ते तसेच उलट्या पावली नाक्यावरच्या पल्टूच्या गॅरेजमध्ये गेले. पल्टूनं जीभच चावली. बंगालात विश्वकर्मापूजेला यंत्र, अवजार सगळं सुट्टीवर असतं. पाना धुऊन-पुसून देवासमोर ठेवलेला, त्याला गंध लागलेलं, आणि पल्टू स्वतः नव्या शर्टात पतंग घेऊन गच्चीवर निघालेला. "आज यंत्राला हात नाही लावणार, दत्तबाबू. उद्या सकाळी पहिलं काम तुमचं."

"तुमचा विश्वकर्मा तुमच्यापाशी," खांबेटे घरी येऊन म्हणाले. "आमची अवजारं दसऱ्याला बसतात पाटावर. आज मला मोकळीक आहे." आणि त्यांनी हत्यारांची पेटी काढली. एक दिवस! एक दिवस थांबले असते तर काय बिघडणार होतं? उभ्या जन्मात रस्त्यावर थांबत आलेला माणूस, नेमका त्या दिवशी थांबला नाही.

रिले म्हणजे काही जादू नाही. विजेवर चालणारं काडेपेटीएवढं बटण. वीज मिळाली की आत खट् होतं आणि एखादी वाट जुळते किंवा तुटते. खांबेट्यांनी डोकं लढवलं ते असं: हॉर्नकडे जाणारी वायर मध्ये कापायची, रिलेतून फिरवायची आणि त्याच वायरीतली वीज रिलेलाही पाजायची. लॉकचं बटण दाबलं की हॉर्न तोंड उघडणार, तेवढ्यात रिलेला वीज पोचणार, खट् होणार आणि हॉर्नची वाट तुटणार. जोडीला रिलेला क्षणभर उशीर करायला लावणारा एक बारका कपॅसिटर, म्हणजे अगदीच मुका न होता एवढासा आवाज तरी येईल. चांगली युक्ती होती. त्यांच्या हावड्याच्या साहेबांनीही मान डोलावली असती.

चुकली ती जागा. हे करायचं ठिकाण डॅशबोर्डच्या पोटात, लॉकच्या डबीतून वायर निघते तिथे. पण तिथे पोचायचं तर सीटखाली उताणं झोपून मान वाकडी करावी लागते, आणि खांबेट्यांच्या कमरेला ते झेपण्यासारखं नव्हतं. बॉनेट उघडलं की हॉर्न समोरच दिसतो. त्यांनी रिले तिथेच बसवला. लॉकची वीज शेवटी इथूनच जाते ना, झालं तर! पण स्टिअरिंगवरच्या हॉर्नची वीजही तिथूनच जाते. तो हॉर्न कितीही वेळ दाबून धरला तरी तोही आता एवढासाच वाजणार होता. खांबेट्यांनी लॉकचं बटण पुन्हा पुन्हा दाबून पाहिलं, कान लावून पाहिलं, गॅलरीतून सेनबाबूंना ऐकवलं. स्टिअरिंगचा हॉर्न काही त्यांनी दाबून पाहिला नाही. ते कशाला दाबतील? ते हॉर्न वाजवतच नसत.

टिक्. बस, एवढंच. वर वृंदाताई गालात हसल्या. "लॉक झाली वाटतं!" त्यांचा हात मांडीवर सैल होता. दुसऱ्या दिवशी कप ओठाला लागला. खांबेट्यांनी वैदेहीला फोन केला, सेनबाबूंना पुन्हा सगळं समजावून सांगितलं, इस्त्रीवाल्यालाही सांगितलं. दसऱ्याच्या झेंडूची ऑर्डरसुद्धा देऊन टाकली.

त्यानंतर आठवडाभरातच ते घडलं. दुपारी सुतपाच्या क्लिनिकमधून दोघं परतत होते. हात चांगला चालला होता, सुतपानं पाठ थोपटली होती, आणि वृंदाताईंना शहाळं प्यावंसं वाटलं. नागेरबाजारच्या अलीकडे एका गल्लीत खांबेट्यांनी गाडी कडेला घेतली, वृंदाताईंना आत बसवलं आणि रस्ता ओलांडून शहाळेवाल्याकडे गेले. दुर्गापूजेच्या आधीचे दिवस. जिकडेतिकडे मांडवाचे बांबू, दोऱ्या, खड्डे आणि भोंग्यावर गाणी. गाडीच्या पुढे थोड्या अंतरावर एक बांबू भरलेला छोटा टेम्पो उभा होता. बांबू मागे हातभर नाही, चांगले दोन पुरुषभर लांब बाहेर आलेले, टोकाला लाल फडकं बांधलेलं.

शहाळेवाल्यानं कोयता उचलला आणि खांबेटे सहज वळले. टेम्पो मागे येत होता.

हळूहळू येत होता, आणि तेच भयंकर होतं. गल्लीचं तोंड बंद दिसलं म्हणून ड्रायव्हर मागे घेत होता. बांबूंच्या भाऱ्यामुळे त्याला मागचं काही दिसत नव्हतं आणि मागे बघणारा माणूस पुढे दोरी सोडवायला गेला होता. ते लाल फडकं वृंदाताईंच्या काचेकडे सरकत होतं. त्यांचा पट्टा बांधलेला. चटकन उतरणं त्यांच्यानं होण्यासारखं नव्हतंच.

"अगं, हॉर्न दे!" खांबेटे किंचाळले. "वृंदा, हॉर्न दे, हॉर्न!" जन्मात हॉर्नला हात न लावलेला माणूस भर रस्त्यात हॉर्न हॉर्न म्हणून बोंबलत होता, आणि भोंग्याच्या गाण्यापुढे त्याचाही आवाज कुणाला जात नव्हता.

मग त्यांना दिसलं. वृंदाचा हात हॉर्नवरच होता. उजवा हात. ती डावीकडच्या सीटवरून आडवी झाली होती, तळवा स्टिअरिंगच्या मधोमध रोवला होता, खांद्यानं जोर लावत होती, तोंड उघडं होतं, आणि ती दाबत होती, दाबत होती. गाडी मुकी होती.

 खांबेट्यांना त्याच क्षणी सगळं कळलं. जाळीमागचा रिले त्यांना डोळ्यांसमोर दिसला, आपण कापलेली वायर दिसली, वर गुंडाळलेली काळी टेप दिसली. ते धावले की नाही हे त्यांना आजही आठवत नाही. काच फुटल्याचा आवाज मात्र आठवतो.

शेवटच्या क्षणी वृंदाताईंनी अंग डाव्या दाराकडे फेकलं म्हणून वाचल्या. बांबू काच फोडून आत आले, स्टिअरिंगवरून, जिथे त्यांचा हात होता नेमके तिथून, आणि ड्रायव्हरच्या सीटच्या पाठीत रुतून थांबले. काचेचा चुरा त्यांच्या केसांत, मांडीवर, पदरात. कपाळावर एक बारीक रेघ, तिच्यातून रक्त येत होतं. खांबेटे खिडकीशी पोचले तेव्हा त्यांची बोबडी वळली होती. 

लोक जमले. कोलकात्यात माणसं जमायला वेळ लागत नाही. टेम्पोवाल्याला, निमाई त्याचं नाव, लोकांनी केबिनमधून खाली ओढला. हडकुळा, घाबरलेला. कुणीतरी कॉलर धरली, कुणीतरी हात उगारला. तो रडकुंडीला येऊन एकच म्हणत होता, दीदींनी हॉर्न दिला नाही. एक हॉर्न दिला असता तर मी थांबलो असतो!

आता बोला की, खांबेटे! आता नाही तर केव्हा?

बोलल्या त्या वृंदाताई. त्यांनी डाव्या हातानं आपलं उजवं मनगट उचललं आणि खिडकीतून लोकांना दाखवलं, दुकानात खोटी निघालेली वस्तू परत दाखवावी तसं. बंगालीत म्हणाल्या, "त्याला सोडा. त्याची चूक नाही. माझा हा हात गेलेला आहे, हॉर्न दाबला गेला नाही." आणि मग नवऱ्याकडे वळून मराठीत, अगदी हळू, "दाबला हो मी. जीव खाऊन दाबला. हातात जोरच राहिला नाही."

लोकांनी निमाईला सोडलं. कुणी च्‌च्‌ केलं, कुणी पाणी आणलं. प्रकरण मिटलं. आणि मिटलं म्हणूनच खांबेटे गप्प राहिले. लोकांसमोर कशाला, घरी गेल्यावर सांगू. घरी गेल्यावर वाटलं, आत्ता नको, घाबरलेली आहे, झोपून उठल्यावर सांगू. उठल्यावर वाटलं, उद्या. काय म्हणावं ह्या माणसाला! दुसऱ्याच्या मोटरचा दोष एका मिनिटात सांगणारा, आणि स्वतःच्या वायरीचा दोष सांगायची वेळ आली तर तोंडाला कुलूप.

त्या संध्याकाळी वृंदाताईंनी डाव्या हातानं चमचा धरून वरणभात खाल्ला. खांबेट्यांनी पाहिलं आणि हातातला घास परत ताटात ठेवला.

"उजव्यानं खा ना," ते कसेबसे म्हणाले. "नियम आहे सुतपाचा."

"जाऊ दे हो. कशाला उगीच सोंगं?" वृंदाताई म्हणाल्या. रागानं नव्हे, सरळच. "कप उचलला म्हणून मला वाटलं, झालं. वेळ आली तेव्हा कळलं, काहीच झालेलं नाही."

हिरवा चेंडू टीव्हीच्या मागे गेला. दसऱ्याचा विषय काढला की त्या म्हणायच्या, तुम्हीच घाला माळ, तुम्हीच चालवा, नाहीतर विकून टाका. काचवाल्यानं नवी काच बसवून दिली. रिले तिथेच राहिला. बॉनेट उघडलं तर वरून खिडकीतून ती विचारेल, काय करताय, ह्या भीतीनं खांबेट्यांनी त्याला हातही लावला नाही. गाडी लॉक केली की खालून टिक् यायचं, आणि ते टिक् ऐकून त्यांच्याच काळजात चर्र व्हायचं.

पुढच्या खेपेला सुतपानं वृंदाताईंचा हात हातात घेतला, आपली दोन बोटं त्यांच्या मुठीत दिली आणि दाबायला सांगितलं. मग पुन्हा सांगितलं. तिचा चेहरा उतरला. तिनं खांबेट्यांना बाहेर बोलावलं. "काकू, काय झालं ह्यांना? अपघातात हाताला तर काही लागलेलं नाही. मग ताकद निम्म्यावर कशी आली? त्या दाबतच नाहीयेत. असंच चाललं तर हात परत आखडेल, आणि मग मलाही काही करता येणार नाही." बंगालीत काकांनाच काकू म्हणतात, पण एरवी त्यावर हसणाऱ्या खांबेट्यांना आज हसू आलं नाही.

खांबेटे हादरले. त्यांना वाटत होतं, आपण फक्त एक गोष्ट लपवतोय. इथे बाईचा हात निकामी होत होता! बांबूंनी नेला नाही तो हात आपल्या गप्प बसण्यानं जात होता.

घरी आल्या आल्या, चपला काढायच्या आधी, त्यांनी सांगितलं. दारातच. सगळं सांगितलं. रिले कुठे बसवला, का बसवला, त्यामुळे काय झालं. "तुझा हात चालला होता, वृंदा. हॉर्न मी मारून ठेवला होता. मी."

वृंदाताईंनी ऐकून घेतलं. मग त्या हसल्या.

"सुतपानं सांगितलं वाटतं, हिला धीर द्या म्हणून?"

"अगं, खरंच सांगतोय!"

"तुम्ही जोडलेली वायर चुकली?" त्यांनी मान हलवली. "माझी समजूत घालायला काहीतरी दुसरं तरी शोधायचंत. सगळ्या दमदमला माहीत आहे, तुमचं वायरिंग चुकत नाही. बरं वाटलं मला. पण राहू दे."

 इतकी वर्षं कमावलेलं नाव, आणि ते आज असं आडवं आलं! खरं बोललं तर बायकोचा विश्वास बसेना, का, तर नवरा फार हुशार म्हणून! त्यांना रडू आलं. म्हातारा माणूस दारात चपला घालून ओक्साबोक्शी रडायला लागला. "चल," ते म्हणाले, "खाली चल. मी म्हणतो म्हणून नको ऐकूस. गाडीचं ऐक."

त्यांनी वृंदाताईंना धरून जिना उतरवला, गाडीशी आणलं. ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं आणि स्वतः आत वाकून दोन्ही मुठी स्टिअरिंगच्या मधोमध ठेवल्या. सगळ्या अंगाचा भार टाकला.

टिक्.

वृंदाताई बघत राहिल्या.

त्यांनी पुन्हा दाबला. कोपरानं दाबला, छातीनं दाबला, दाबून धरला. टिक्. मग नुसती शांतता, आणि तिच्यात एका धडधाकट माणसाचं धापा टाकणं.

"तुम्ही दाबताय?" वृंदाताईंनी विचारलं.

"मीच."

"जोरात?"

"जीव खाऊन."

वृंदाताई गाडीच्या दाराला टेकल्या. चेहरा पांढराफटक पडला होता.  वरच्या गॅलरीत कुणीतरी कपडे झटकत होतं, ते झटकणंही थांबलं.

"म्हणजे हात चालला होता," त्या म्हणाल्या.

"चालला होता."

"मी मेले असते हो," वृंदाताई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "मेले असते. आणि मरता मरता ह्या हातालाच शिव्या दिल्या असत्या. सहा महिने राबला तो. आणि मी त्याला सगळ्या लोकांसमोर खोटा पाडला."

खांबेट्यांनी मान खाली घातली. माफ कर म्हणायचं होतं, पण ते एवढंसं वाटलं की त्यांना म्हणवेना.

"काढा ते," वृंदाताई म्हणाल्या. "आत्ता. माझ्यासमोर."

त्यांनी बॉनेट उघडलं. नखानं खरवडून टेपचं टोक शोधलं. रिले उपटून काढला, कापलेल्या वायरीची दोन टोकं पिळून एकत्र केली, पुन्हा पिळली, टेप गुंडाळली. एवढं सगळं होईपर्यंत वृंदाताई दार धरून, एक एक पाय आत घेत, ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसल्या होत्या. हिवाळ्यापासून पहिल्यांदा. सीटच्या पाठीला बांबूंनी पाडलेली भोकं तशीच होती, त्यांना त्या टेकल्या.

"झालं," खांबेटे बॉनेटमागून म्हणाले. ते अजून वाकलेलेच होते, तोंड हॉर्नपासून वितभर.

भॅंऽऽऽऽऽऽ!

ते उडालेच. डोकं बॉनेटला आपटलं. समोरच्या झाडावरचे कावळे उठले, पाळलेली-सोडलेली सगळी कुत्री भुंकायला लागली, गॅलरीगॅलरीत माणसं आली. सेनबाबू लुंगी सावरत ओरडले, "दत्तबाबूर गाडी! दत्तबाबूर गाडी!" हॉर्न थांबेना. खांबेटे कानावर हात न्यायला गेले आणि मध्येच थांबले. त्यांनी हात खाली घेतले आणि बॉनेट मिटलं.

काचेपलीकडे वृंदाताई रडत होत्या आणि काहीतरी बोलतही होत्या, बहुतेक खांबेट्यांनाच, बहुतेक शिव्याच. एक अक्षर ऐकू येत नव्हतं. डावा हात मांडीवर होता. उजवा हॉर्नवर होता, आणि त्या तो काढत नव्हत्या.